गवोबाचं वजनदार बटण

एका जंगलात गवोबा नावाचा एक म्हातारा गवा होता, आणि जे झालं त्याला तोच जबाबदार होता. बाळांनो, हे आधीच सांगून ठेवतो. नाहीतर मोठी माणसं तुम्हाला सांगतील, की चूक थंडीची होती.

गवोबाकडे जुना रेडिओ होता. मचाणाखाली शिकाऱ्यांनी विसरलेला. गवोबा कळपात सगळ्यात म्हातारा, म्हणून रेडिओ त्याचा. रोज पहाटे तो मोठ्या आवाजात भजनं लावायचा. लाव म्हणून कोणी सांगितलं नव्हतं. शिकाऱ्यांची जीप ऐकू आली, की तेवढा आवाज बारीक करायचा. कळपासाठी तो करायचा ते एवढंच.

पुढे आवाजाच्या बटणातलं ग्रीस वाळलं आणि ते करकरायला लागलं. वानराने ते रॉकेलने धुऊन काढलं. बटण भिरभिर फिरू लागलं.

(गवा खुराने बटण कसं फिरवतो, हे विचारू नका. कोल्हा बोलतो तेव्हा विचारता का?)

"छे! याला वजनच नाही," गवोबा म्हणाला. "आमच्या काळी बटण कसं लोण्यातून फिरायचं."

"अहो, आवाज कमीजास्त होतोय ना?" बायको म्हणाली. "मग झालं तर."

"तुला त्यातलं काय कळतंय!"

वानराने रस्त्याकडेच्या बंद गॅरेजातून ग्रीसचे तीन डबे आणले. पहिलं पातळ. दुसरं मध्यम. तिसरं डिंकासारखं.

पहिल्याने काही फरक पडला नाही. मग मधलं लावलं. बटण इतकं संथ, इतकं मऊ फिरलं, की गवोबाने डोळे मिटले.

"हेच ते!"

तेवढ्यात एक ससा आला. त्यानेही फिरवून पाहिलं. फिरलं.

गवोबाने डोळे उघडले. "सशाकडूनही फिरतंय?"

"फिरणारच, आजोबा. बटण आहे ते," वानर म्हणालं.

"मग आमच्या अनुभवाला किंमत काय राहिली? तिसरा डबा उघड."

"ते थंडीत दगड होतं, आजोबा."

"थंडी मला शिकवतोस? तुझं वय काय रे?"

वय काढलं, की वाद संपतो. वानराने तिसरा डबा उघडला.

आता ते बटण एकट्या गवोबाकडूनच फिरायचं, तेही खांदा लावून. म्हातारा रानडुक्कर मुद्दाम बघायला आला. "वा! वजन म्हणतात ते याला!"

मग थंडी पडली. एका पहाटे भजन टिपेला पोचलं होतं आणि घाटातून जीपचा आवाज आला.

"अहो, बारीक करा!" बायको ओरडली.

गवोबाने खूर लावला. बटण हललं नाही.

"करतोय ना."

"सेल काढते मी!"

गवोबाने शिंगं आडवी धरली. "बटण असताना सेल काढायचे? लोक काय म्हणतील?"

कळप पळाला. बायको सगळ्यांत शेवटी, हाका मारत. गवोबा खांदा लावून तिथेच उभा राहिला. भजन पूर्ण आवाजात चालू होतं. जीपवाल्यांना शोधाशोध करावी लागली नाही.

शोकसभेत रानडुकराला हुंदका आवरेना. "गेला, पण शेवटपर्यंत बटण दुसऱ्या कुणाला फिरवू दिलं नाही!" सगळ्या म्हाताऱ्यांनी डोळे पुसले.

तात्पर्य: ग्रीस नेहमी सगळ्यात घट्ट निवडावं. बटण आपल्याकडून फिरलं नाही तरी चालेल, लहानांकडून फिरता कामा नये. गवोबाने हे तंतोतंत पाळलं. त्यात तो मेला.