उंबऱ्यापुढची एकटी रेघ

लेकीच्या परीक्षेला आपलाही थोडा हातभार लागावा, एवढंच माझ्या मनात होतं. (गणित मला येत नाही. मला येतात ते उपास.)

आमची शिवप्रिया अकरावी सायन्सला. सहामाहीत गणितात नापास झाली, तेव्हा हे म्हणाले, "वार्षिकलाही असंच झालं तर सायन्स बंद. आर्ट्सला जायचं." पोरगी ताट सरकवून उठली. मी महादेवाला बोलले, ही पास होईपर्यंत चहात साखर घालणार नाही.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी तिनं दारातल्या फरशीवर रांगोळीनंच गणितं मांडली. मोठं लिहिलं की डोक्यात बसतं म्हणे.

"आई, बघ. लंब रेषेचं समीकरण काढायचं तर आधीच्या रेषेचा चढ उलटा करायचा अन् चिन्ह बदलायचं. दोनचा झाला उणे एक छेद दोन."

मी मान डोलावली. (त्याला कुठं गणित लागतं?)

पहाटे दार उघडलं अन् बघते तर काय, उंबऱ्यापुढं जागोजागी नुसत्या आडव्या रेघा! सासूबाईंची शिस्त होती, दारात रांगोळीची रेघ एकटी ठेवायची नाही, तिच्यावरून दुसरी ओढायची. छेदाच्या रेघेला वर-खाली अंकांची सोबत होती, बरोबरच्या रेघा तर जोडीनंच नांदत होत्या. त्यांना मी हात लावला नाही. बाकी साऱ्या एकट्या रेघांवर उभी रेघ ओढून दिली.

शिवप्रिया धावतपळत निघाली. जाता जाता खाली बघून थबकली. "अगं बाई, इथं अधिक व्हय? मी रात्रभर उणेच पाठ केलं!"

"आता सगळं शुभ झालंय बघ," मी म्हणाले.

दुपारी हसत आली. "शेवटी दारात बघितलं म्हणून लंब रेषेची सगळी गणितं दुरुस्त झाली!" मग पुस्तक उघडलं अन् चेहरा उतरला. "आई, दारातल्या उण्याचं अधिक कुणी केलं?"

"अगं, रेघ एकटी होती..."

ती रडायलाच लागली. मला देवघराकडं बघायचीसुद्धा लाज वाटली. हे बाहेर आले, फरशीवर वाकले अन् म्हणाले, "रडू नको पोरी. बघ, आईची रेघ प्रत्येक आडवीला कशी काटकोनात बसलीय. घरात लंब काढावा तर हिनंच!" पोरगी रडता रडता हसली. मी मात्र मान वर केली नाही.

महादेवाची कृपा, काठावर पास झाली. मीही साखरेचा चहा प्याले.

यंदा बारावीच्या गणिताच्या पेपरादिवशी पहाटे उठले, तर रांगोळीचा डबा जाग्यावर नाही.

"माझ्या दप्तरात आहे," लेक म्हणाली. "पेपर झाला की देते."

त्या दिवशी आमच्या दारात एकही रेघ नव्हती. फरशीला काटकोन करून नुसती मी उभी होते.