दिनानाथने बसवलेलं सॉकेट

"गॅरेज? एवढंसं सॉकेट बदलायला? अगं, अख्खा प्लँट माझ्या जिवावर चालतो!"

दिनानाथने शनिवारी बायकोला हे ठणकावून सांगितलं. तारापूरच्या एका केमिकल कंपनीत तो मेंटेनन्स मॅनेजर होता आणि प्लँट खरंच सुरळीत चालायचा, कारण दिनानाथ पान्याला कधी हात लावत नसे!

प्रसंगही तसाच होता. पुष्पलताची, म्हणजे त्याच्या बायकोची, सुक्या बोंबलांवरची मुलाखत रविवारी सकाळी रेडिओवर लागणार होती. ती ऐकायला पुष्पलता किनाऱ्यावरच्या आपल्या माहेरी निघाली होती. तिथे आईचा ट्रान्झिस्टर अजून खणखणीत होता.

"तुमी पण चला ना!"

"छे! मी गाडीतल्या रेडिओवर ऐकणार. सगळ्या सोसायटीला ऐकवणार!"

आता गाडीतला रेडिओ म्हणजे, तापल्या तव्यावर बोंबील टाकावेत तसा वर्षभर नुसता चरचरत होता. टपावरच्या अँटेनाची तार जिथे खोचतात ते सॉकेट गंजून गेलं होतं. बोईसरच्या दुकानदाराने नवं दिलं आणि विचारलंही, "साहब, लगा दूँ?" दिनानाथ नुसता हसला.

नव्या सॉकेटला करंटसाठी एक बारीक तार होती. ती कुठे जोडायची? मागच्या दाराचं अस्तर उचकटलं तर आत शेवयांसारखा तारांचा गुंता! दिनानाथने त्यातल्या त्यात एक देखणी तार निवडली आणि तिच्याशी हिची सोयरीक जुळवून टाकली.

रविवारी सकाळी बिल्डिंगखाली खुर्च्या मांडल्या गेल्या. शेजारचा कैलास म्हणाला, "दिनानाथभाऊ, मोबाईलवर पण लागतं की!"

"मोबाईलवर काय, कोणीही ऐकेल!"

त्याने ऐटीत गाडी सुरू करून रेडिओ लावला. चर्रर्र! बटणं पिरगाळली. चर्रर्र! डॅशबोर्डवर गुद्दा हाणला. चर्रर्रच! घाम फुटला.

"निदान सावलीत तरी घ्या," कैलासला दया आली. दिनानाथने रिव्हर्स गिअर टाकला, आणि काय आश्चर्य!

"...आज आपल्या स्टुडिओत आल्या आहेत पुष्पलताताई..."

टाळ्या पडल्या! पण त्याच वेळी मागचा रिव्हर्स हॉर्न कोकलायला लागला. टीं टीं टी टीं! दिनानाथने गाडी न्यूट्रलला आणली. हॉर्न बंद. पुष्पलताही बंद! चर्रर्र!

तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. ती देखणी तार रिव्हर्सच्या दिव्याची होती! गाडी रिव्हर्सला असेपर्यंतच अँटेनाला करंट मिळणार.

"मग ठेवा की रिव्हर्सला!" कैलास ओरडला.

दिनानाथने क्लच दाबून धरला. आधी पाय थरथरला, मग त्याला पेटका आला. पाय किंचित उचलला गेला आणि गाडी मागे सरकू लागली. श्रोते खुर्च्या सोडून खिडक्यांना कान लावून बरोबर चालायला लागले. वॉचमन झिपरू शिट्टी फुंकत पुढे, म्हणजे मागे, धावला.

"सायब, गेट आलं! थांबा!"

"थांबलो तर बाई बंद पडते रे!"

अशी ही वरात उलट्या तोंडाने गेटबाहेर, कुंभवलीच्या रस्त्यावर आली. पाठोपाठ टँकर येऊन खोळंबले.

"बोंबील घ्यायचे आणि आधी..." टीं टीं टी टीं! "...मग मीठ..." टीं टीं! "आणि आमचे हे तर..." पोंऽऽऽ! टँकरवाल्याने हॉर्नवरचा हात काढला, तेव्हा रेडिओवर दुसराच कार्यक्रम लागला होता.

इतक्यात पुष्पलताचा फोन आला. "अहो, ऐकलंत ना? शेवटी तुमच्याबद्दल बोलले ते?"

सगळी सोसायटी बघत होती. दिनानाथने छाती फुगवली. "म्हणजे काय! शब्द न् शब्द खरा!"

"अगो आये, हे कबूल हायेत गो!" पलीकडे एकच जल्लोष झाला. "अहो, मी आपलं गमतीत बोलले, की रविवारचं बोंबलाचं कालवण आमचे हेच करतात, माझ्याहून फक्कड! आता दादा, वहिनी, आई, सगळी तुमच्या हातचं जेवायला निघालीत. टेम्पो केलाय!"

फोन बंद झाला. दिनानाथने कैलासला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "काय हो, सुके बोंबील आधी भिजवायचे असतात का?"

कैलास म्हणाला, "तेच सांगत होत्या वहिनी. नेमका तेव्हाच तुमचा हॉर्न वाजला!"