बावीस पावलांची जोडणी

सुतारकाकांचा कारखाना घराच्या मागे होता आणि इंटरनेट घरात होतं. मधे बावीस पावलं. त्याने कुणाचं काही बिघडत नव्हतं, पण मग नवा नियम निघाला. प्रत्येक कारागिराने रोज सकाळी दहा वाजता कामाच्या जागी उभं राहून मोबाइलला तोंड दाखवायचं. तीन गैरहजेऱ्या झाल्या की परवाना रद्द. मोबाइलच्या स्वतःच्या नेटवरून लावलेली हजेरी बाद, कारण माणूस तेव्हा कुठेही असू शकतो. काका तीस वर्षं रंधा मारत होते. पण त्याला पुरावा नव्हता.

घरातलं नेट कपड्यांच्या दोरीपर्यंत जेमतेम पोचायचं. काका दोन दिवस तिथे उभे राहिले. दोन्ही दिवशी शेरा आला: 'मागे ओले टॉवेल आढळले. कारागीर गैरहजर.'

काकू म्हणाल्या, "अहो, वायर ओढा आणि गप्प बसा."

दुसऱ्या कुणीही तेच केलं असतं. पण काका मिक्सर लावण्याआधी त्याची माहितीपुस्तिका वाचणारे. ते रीतसर विचारायला गेले, आणि तिथेच माशी शिंकली. अर्जाचा निकाल लागेपर्यंत हजेरी माफ होती, एवढाच काय तो दिलासा.

नेटच्या कंपनीतल्या बाईंनी सांगितलं की कारखाना ही स्वतंत्र वास्तू आहे, तिला स्वतंत्र जोडणी लागेल, आणि जोडणीला स्वतंत्र घरक्रमांक. घरक्रमांकाच्या कार्यालयातले साहेब म्हणाले की क्रमांक माणसं राहतात त्या जागेलाच मिळतो. भुशाला मिळत नाही. मग काका-काकूंनी कारखान्यात गादी नेली, स्टोव्ह नेला, आणि भुशात शिंकत पंधरा दिवस संसार केला. सोळाव्या दिवशी साहेब पाहणीला आले. त्यांनी स्टोव्हवरचं दूध उतू जाताना पाहिलं आणि त्यांची खात्री पटली.

"अभिनंदन," ते म्हणाले. "क्रमांक मंजूर. आता हे राहतं घर झालं."

"मग मी कामाला लागू?"

"राहत्या घरात सुतारकाम? काका, तुम्ही तर नियम वाचणारे."

परवाना त्याच कागदाच्या मागच्या बाजूला रद्द झाला. कागद वाचवण्याबाबतही परिपत्रक होतं. काकांना रडू आलं, आणि त्यांनी ते लपवलं नाही. काकूंनी रंधा फडक्यात गुंडाळून ठेवला.

दुसऱ्याच दिवशी जोडणी आली. नेट असं धावलं की बघत राहावं. दहा वाजता मोबाइलवर काकांचा चेहरा पहिल्या झटक्यात स्वच्छ उमटला: 'कारागीर हजर. परवाना अस्तित्वात नाही.' पाठोपाठ कंपनीने विचारलं, आमच्या सेवेबद्दल आपण किती समाधानी आहात? काकांनी एक चांदणी दाबली, तर पुढे कारणांचे अकरा रकाने उघडले. पाच दाबल्या, पडदा लगेच बंद झाला.

परवा दोन कंपन्यांमधली कुठली घ्यावी हे तुमचं ठरत नव्हतं, तेव्हा याच पाच चांदण्या बघून तुम्ही ही कंपनी घेतलीत. आणि जोडणी झाल्यावर तुम्हीही पाचच दाबल्यात.