चिखल्याचं स्थळ आणि काळी स्क्रीन

कम्प्युटर म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ! हे मी नाही, अख्खं शहापूर म्हणायचं. हायवेला लागून माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. कोणाचा कम्प्युटर चालू होऊनही स्क्रीन काळीच राहिली, की माणूस धावत माझ्याकडे यायचा. मी सीपीयूचा डबा उघडायचो, आतली रॅमची पट्टी काढायचो, शाळेतल्या खोडरबरानं घासायचो आणि परत बसवायचो. बहुतेक वेळा चित्र यायचं. नाही आलं तर मी गंभीर चेहरा करून म्हणायचो, "मदरबोर्ड गेला." एवढ्या भांडवलावर माझं बरं चाललं होतं. विनोदमामानं तर माझ्या बायोडाटात छापूनच टाकलं: संघपाल, कम्प्युटर तज्ज्ञ.

बायोडाटा कशाला, तर माझं लग्न जमत नव्हतं. तिशी उलटली होती. आईचं म्हणणं असं, की आमच्या जिल्ह्यातून गोंदिया वेगळा झाला आणि चांगल्या पोरी सगळ्या तिकडे गेल्या. मग मामानं चिखल्याचं स्थळ आणलं. पोरीचं नाव प्रतिक्षा. वडील केशवराव, मँगनीजच्या खाणीत मेट होते, म्हणजे जमिनीखाली उतरणाऱ्या टोळीचे मुखिया. नुकतेच रिटायर झालेले. मी पोरीचा फोटो पाहिला आणि आईला सांगून टाकलं, "जमलं तर इथंच. नाही तर मले आता पोरी पाहाले नेऊ नको." माझा जीव त्या फोटोतच अडकला होता, खोटं कशाला बोलू!

तुमसरपर्यंत एसटी, पुढं काळीपिवळी जीप. आई, मामा आणि मी खाणीच्या कॉलनीत पोचलो. जयभीम झालं, पाणी झालं. केशवरावांनी मला खालून वर न्याहाळलं.

"बायोडाटात कम्प्युटर तज्ज्ञ लिहलं हाय. खरं हाय ना जी?"

मी नम्रपणे मान खाली घालणार, तेवढ्यात मामा बोलला, "तज्ज्ञ कायचा, डॉक्टर हाय जी डॉक्टर! माह्या भाशानं नुसता हात लावला का कम्प्युटर उठून बसते."

"मंग लई चांगलं झालं," केशवराव म्हणाले. "आमच्या पोरीचा कम्प्युटर सकाळपासून दिसूनच नाही राहिला. चालू होते, पण स्क्रीन काळी. पाहाता का जरा?"

पोहे अजून आतच होते. मुलगीही आतच होती. मी शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि मनातल्या मनात त्या कम्प्युटरचे आभार मानले. असा मोका कोणाला मिळतो?

बटण दाबलं. डब्यातला पंखा फिरला. स्क्रीनखालचा हिरवा दिवा लागला. थोड्या वेळानं स्पीकरमधून ती टिंग-टिंग धूनही वाजली. स्क्रीन मात्र काळी ठिक्कर.

"आवाज तर येते," केशवराव म्हणाले.

"आवाजाचं काही खरं नसते," मी म्हणालो. आज हे वाक्य आठवलं की अंगावर काटा येतो.

केशवरावांनी पुढं होऊन बोटाच्या पेरानं मॉनिटर ठोकला. कान लावला. परत ठोकला. "खाणीत आमी छत असंच ठोकून पाह्यतो," ते म्हणाले. "टणक वाजलं तं ठीक. भद्द वाजलं का मागं सरकाचं. हे भद्द वाजून राहिलं."

"मॉनिटर आतून पोकळच असतो, मामाजी," मी म्हणालो. सासऱ्याला म्हणतात ते 'मामाजी' तोंडातून निसटलं. आईनं चमकून माझ्याकडे पाहिलं. केशवरावांनी ऐकलं नसावं, कारण ते अजून ठोकत होते.

मी डबा आडवा केला आणि बाजूचं झाकण काढलं. तेवढ्यात प्रतिक्षा पोह्याच्या बश्या घेऊन आली. फोटोपेक्षा शंभर पटीनं चांगली होती. तिनं उघड्या डब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि ती काहीतरी बोलणार होती. पण बोलली नाही. मला वाटलं, भारावली.

"आत अंधार हाय," मी उगाच जाणकारासारखं म्हणालो.

बस, इथंच चुकलं. केशवराव तरातरा आत गेले आणि खाणीतलं आपलं जुनं हेल्मेट घेऊन आले. हेल्मेटचा दिवा खाणीतच जमा करावा लागतो, म्हणून त्यांनी घरातली स्टीलची टॉर्च फडक्यानं हेल्मेटच्या कपाळावर बांधली आणि ते माझ्या डोक्यावर घातलं.

"अंधारात काम म्हटलं का टोपीशिवाय नाही," ते म्हणाले. "नियम म्हणजे नियम."

मुलगी पाहायला आलेला नवरदेव, डोक्यावर पिवळं हेल्मेट, कपाळावर टॉर्च! प्रतिक्षानं ओढणी तोंडाला लावली. मी म्हटलं, हसू दे, आता चित्र आलं की हिचे डोळे दिपतील. खिशातून खोडरबर काढलं आणि रॅमच्या पट्टीसाठी वाकलो. डब्याची वायर आधी काढायची असते, हे मला पाठ होतं. पण समोर ती उभी होती ना!

मी वाकलो. फडक्याची गाठ सुटली. टॉर्च थेट चालू डब्यात पडली.

फाट्‌दिशी आवाज झाला. निळी ठिणगी उडाली, धूर निघाला, डोक्यावरचा पंखा थांबला.

"सगळे बाहेर!" केशवराव गरजले. तो आवाज जमिनीखालच्या बोगद्यांसाठी घडवलेला होता. आई पोह्याची बशी घेऊन बाहेर. मामा तिच्याही पुढं बाहेर. आनंदाबाई, म्हणजे मुलीची आई, पदरानं नाक झाकून बाहेर. शेजारच्या घरांतली माणसंसुद्धा सवयीनं बाहेर आली. केशवरावांनी सगळ्यांना बाहेरच्या कडुलिंबाखाली उभं केलं आणि एकेकाच्या खांद्याला हात लावून मोजायला सुरुवात केली. घरात जेवढे गेले तेवढे बाहेर आल्याशिवाय त्यांचा श्वास मोकळा होत नसे.

"एक कमी हाय," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"प्रतिक्षा!" आनंदाबाई ओरडल्या.

मी पळालो. हेल्मेट डोक्यावरच होतं, ते तेवढं बरं दिसलं असेल. धुरात शिरलो. प्रतिक्षा जमिनीवर बसून ओढणीनं धूर हाकलत होती.

"तुमी कायले आले?" तिनं विचारलं.

"तुम्हाले वाचवाले."

"मले काय झालं? मेन स्विच बंद करून ठेवला. आग-बिग काही नाही." मग हळूच म्हणाली, "एक सांगू? कम्प्युटर बिघडलाच नव्हता."

"म्हणजे?"

तिनं मॉनिटरच्या खालच्या काठावर बोट ठेवलं. तिथं एक छोटी चकती होती. "ही उजेड कमी-जास्त करायची. आजही सकाळी मीच पूर्ण कमी करून ठेवली. येणारा प्रत्येक पोरगा बायोडाटात कम्प्युटर लिहून आणते. म्हटलं, पाहावं तरी. पहिल्यानं हातच नाही लावला. दुसरा म्हणे, मदरबोर्ड गेला."

ते माझंच वाक्य होतं.

"आणि आता?" मी विचारलं.

तिनं डब्यातली काळी पडलेली टॉर्च दोन बोटांनी उचलली. "आता खरंच गेला."

"मोजणी पुरी नाही झाली अजून!" बाहेरून केशवराव ओरडले. आम्ही बाहेर आलो. त्यांनी लेकीच्या खांद्याला हात लावला, मग माझ्याही, आणि डोळे मिटून उभे राहिले. मी मनात म्हटलं, गेलं हे स्थळ. परत पोरगी पाहणार नाही असं म्हणालो होतो, आता बस आयुष्यभर खोडरबर घासत.

तेव्हा केशवरावांनी हात जोडले. "गाठ मी बांधली होती जी. अख्खी उमर मेट होतो, आन गाठ ढिली राहिली. माफ करा."

प्रतिक्षा जमिनीकडे पाहत होती. मी तिच्याकडे पाहत होतो. गाठीच्या आधीची गोष्ट फक्त आम्हा दोघांना माहीत होती, आणि दोघांनीही तोंड उघडलं नाही. थंड पोहे खाऊन आम्ही निघालो. काळीपिवळीत आई एवढंच म्हणाली, "डॉक्टर म्हणे!" मामा खिडकीबाहेर पाहत राहिला.

बरेच दिवस निरोप आला नाही. मी दुकानात बसायचो आणि काळी स्क्रीन घेऊन कोणी आलं की त्याला परत पाठवायचो. मग एका रविवारी मामा उड्या मारत आला. होकार! मला भर दुकानात रडू आलं. गिऱ्हाइकाला वाटलं, झेरॉक्स मशीन जळली.

लग्नानंतर धीर करून मी प्रतिक्षाला विचारलं, "होकार काहून दिला? मी धुरात धावत आलो, म्हणून ना?"

"नाही," ती म्हणाली. "तुमाले काही येत नाही, हे तुमाले लपवताच येत नाही. असा नवरा सांभाळाले सोपा."

आता दुकान तीच पाहते. कम्प्युटरची स्क्रीन काळी पडली की गिऱ्हाईक तिला आवाज देतं. ती आधी चकती बघते, मग वायर काढते, मग डबा उघडते. मला हात लावायची परवानगी नाही. पण मी रिकामा बसतो असं समजू नका. सासऱ्यांनी लग्नात ते पिवळं हेल्मेट आहेर म्हणून दिलं आहे. ते घालून मी तिच्या बाजूला उभा राहतो आणि टॉर्च दोन्ही हातांनी गच्च धरून ठेवतो.