हबीबचाचाचं पुढचं चाक

आमच्या शिरड शहापुरात हबीबचाचा मनियार कुठंबी गेला की सायकल भिंतीला टेकवायचा, पुढचं चाक काढायचा, आन् ते काखेत मारून आत यायचा. चावडीत चाक. दर्ग्यात चाक. लग्नात पंगतीला बसला तर शेजारी चाक. एका लग्नात वाढप्यानं विचारलं, "चाचा, चाकाला बी पत्रावळ मांडू का?"

"मांड," चाचा म्हणाला. "ते बी माझ्यासंगं चालूनच आलंय."

गोष्ट निजामाच्या राज्यातली. मी तवा मिसरूड फुटलेला गडी होतो. शाळा दुसऱ्या बुकापोतर. पण डोळ्यानं पाहिल्याबिगर कशाला व्हय म्हणायचं न्हाई, हा माझा बाणा तवापासूनचा. मास्तरनं पृथ्वी गोल हाये म्हणलं, मी न्हाई म्हणलो, तिथंच शाळा संपली.

चाचा बांगड्या विकायचा. मागं कॅरिअरला काचंच्या बांगड्यांची पेटी, आन् गावोगावचे बाजार. त्याला विचारलं, चाक काहून काढता, तर म्हणायचा, "चोरी होती, बाबा." आता गावात सायकली दोन. एक त्याची, एक फौजदाराची. चोर ती घेऊन कुठं मिरवणार होता?

मी तसं बोललो तर म्हणाला, "चोर परवडला, मुंजाजी. न विचारता फिरवून आणून ठेवणारा परवडत न्हाई. उसका हिसाब अलग है."

हे त्याचं पालुपद. आपल्याला कळलं न्हाई की त्याचा हिसाब अलग.

दुसरं खूळ म्हंजी चाक पुसू द्यायचा न्हाई. एकदा कुरुंद्याचा बाजार करून आमच्या घरी आला. मायनं अंगण नुकतंच सारवलेलं. त्यावर चिखल पडायला लागला म्हणून आमच्या सालगड्यानं चाक धुवून काढलं. चाचानं ते पाहिलं, हातातला चहा खाली ठेवला, आन् सायकल घेऊन परत कुरुंद्याच्या रस्त्याला लागला. दिवस मावळताना वापस आला. चाकाला बोटबोट चिखल, आन् चाचा खूष.

माय म्हणली, "याच्या डोक्यात काच गेली."

मग एका पावसाळ्यात त्यानं मला हिंगोलीला चल म्हणलं. चाकाचे नट बदलायचे होते. पान्यानं चाक सोडायला येळ लागतो, म्हणून त्याला दोन कानांचे नट पाहिजे होते, चिमटीत धरून फिरवले की सुटणारे. मला नटाचं काय? पण हिंगोलीला टेसन हाये, टेसनात गाडी येती, आन् मी गाडी पाहिलेली न्हवती. मी पुढच्या नळीवर बसलो.

दुकान टेसनाच्या रोडावरच होतं. दुकानदारानं नटांचा डबा ओतला. चाचा एकेक नट चढवायचा, डोळे मिटून सोडायचा. मग हात ओला करून सोडायचा. मग डाव्या हातानं.

"हा नरम हाये. वाटंत आपल्या मनानं सुटंल."

"हा घ्या मग."

"हा कडक. बोटाला तकलीफ देतो."

"चाचा, तुमाला पाहिजे तरी कसा?"

"मी म्हणलं की सुटावा, आन् मी म्हणल्याबिगर सुटू नये."

"असा तर जावई बी भेटत न्हाई," दुकानदार म्हणाला.

मी म्हणलो, "कानाचा नट म्हंजी नुसती फ्याशन. पान्याचा नटच खरा. हा दगा देणार, लिहून ठेवा."

एवढ्यात टेसनावर शिट्टी झाली. मी उठलो तर चाचानं सायकल माझ्या हातात दिली. "धर बराबर. दोनच राहिले." त्या दोनाचं होईपोतर गाडी आली बी आन् गेली बी. मला नुसता धूर दिसला. वाटभर मी नळीवर तोंड फुगवून बसलो.

गावाच्या अलीकडं ओढा भरून आलेला. चाचानं चिमटीनं नट फिरवले, चाक हातात. "देख, मुंजाजी, पाना लागला का?" नट दातात धरले. बांगड्यांची पेटी माझ्या डोक्यावर, बिनचाकाची सायकल माझ्या खांद्यावर, आन् चाचा निस्तं चाक डोक्यावर धरून मोरं.

"चाचा, काच माझ्याकडं आन् लोखंड तुमच्याकडं काहून?"

तोंडात नट होते, तरी कळलं. हिसाब अलग.

मधात त्याचा पाय घसरला. गडी गळ्यापोतर पाण्यात, टोपी वाहून गेली, पण दोन्ही हात वर. चाकाला थेंब लागू दिला न्हाई. काठाला आल्यावर त्यानं तोंडातलं थुंकलं. नट एकच निघाला.

"मी काय म्हणलो होतो?" मी म्हणलो. मला लई बरं वाटलं.

राहिलेली वाट पायी. चाक त्याच्याकडं, बाकी सगळं माझ्याकडं. असं मी पहिल्यांदा त्याच्या घरात गेलो.

जुलेखाचाची बाजंवर बसलेली. तिच्या अंगावरून वारं गेलं होतं, पाय उचलत न्हवते. आधी तीच चाचासंगं गावोगाव जायची. बाया तिच्याच हातानं बांगड्या भरून घ्यायच्या, माझी माय बी. आता तिला उंबऱ्याबाहेरचं दिसत न्हवतं.

चाचानं ओल्या अंगानंच चाक तिच्या मांडीवर ठेवलं. तिनं फिरवलं. मग नखानं चिखल सोलायला लागली, पापुद्र्यापापुद्र्यानं.

"ही चिकट, ओढ्याच्या पलीकडची. ही चिकट, ओढ्याच्या पलीकडची." चाचा नुसता हासून राहिला होता. मग खालून काळी चुरी निघाली. तिनं बोटावर घेऊन उजेडात धरली.

"कोळसा. टेसनाकडं गेलते तुमी!"

"गेल्तो."

"गाडी आली होती?"

"आली की," चाचा म्हणाला. "आमच्या मोरंच उभी राहिली. डब्यात बायाच बाया. समद्यायच्या हातात हिरव्या बांगड्या, कोपरापोतर."

चाचीनं चाचाकडं पाहिलं. नवऱ्याला ती वळखून होती. मग माझ्याकडं वळली.

"खरं का रे, मुंजा? तुझी माय सांगती, तू न पाहिलेलं बोलत न्हाईस."

चाचा खाली बसून एकुलता नट पुसत होता. वर पाहत न्हवता.

"खिडकीतून हात बाहेर होते, चाची," मी म्हणलो. "हिरव्याच. लई वाजत होत्या."