चांदभाईंची बिननखऱ्याची अक्षरं

आमचे शेजारी चांदभाई पेंटर ताटातल्या भाकरीला कंपास लावून बघत. भाकरी गोल भरली तरच घास मोडायचे. त्यांची बायको, म्हणजे आमिनाभाभी, कपाळाला हात लावत. पण भाभींइतकी गोल भाकरी अख्ख्या भोरात कुणाची नव्हती, हेही खरं.

हे खूळ लागलं एका डब्यामुळं. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी पुण्याहून कुणीतरी रंगाचा विलायती डबा आणला. त्यावरची इंग्रजी अक्षरं सगळीकडून सारख्या जाडीची, शेपटं नाहीत की मुरके नाहीत. चांदभाईंना इंग्रजीचा गंध नव्हता, पण त्यातलं एक वाटोळं अक्षर बघून ते येडेच झाले. "गोल म्हंजी गोल, सरळ म्हंजी सरळ. नखरं न्हाईत!" त्या दिवसापासून आपली मराठी अक्षरंही ते कंपास-पट्टीनं घडवू लागले. मोटारीवरचं 'भोर-पुणे', दवाखाना, शाळा, सगळ्या पाट्या त्याच वळणाच्या. कंपासात न बसणाऱ्या अक्षराशी त्यांचं उभं वैर.

पेठेतल्या शेटनं 'श्रीकृष्ण भांडार' अशी पाटी सांगितली, तेव्हा चांदभाईंना घामच फुटला. "शेट, विठ्ठल न्हाई का चालायचा? द्येव त्योच की! आन् 'ठ' लई ग्वाड. कंपास फिरवला की झाला."

शेट हटेना. वर त्याला 'श्री'ला मोरपीस हवं होतं आणि अक्षरांना झोकदार वळणं. चांदभाईंनी साफ नकार दिला. पाटी पुण्याच्या पेंटरनं केली. ती इतकी गाजली की पेठेतले बाकीचे दुकानदारही तसलीच मागू लागले, आणि चांदभाईंचा कुंचला कोरडा पडायची वेळ आली.

मला संताप आला. "अहो, दोन वळणं काढली तर हात झडेल का तुमचा?"

"न्हाई जमायचं, भाऊसाहेब." बास, एवढंच.

पुढच्या बाजाराला मी भाभींच्या मागंच चाललो होतो. त्या पाट्या वाचत होत्या. मोठ्यानं, एकेक अक्षर जोडत. "द-वा-खा-ना." शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईला चांदभाईंनी चुलीपुढच्या जमिनीवर कोळशानं अक्षरं शिकवली होती. अर्थात आपली, कंपासातली. दुसऱ्या कुणाचं अक्षर भाभींना वाचता येत नव्हतं. शेटच्या पाटीखाली त्या थांबल्या. ओठ हलले, मग थांबले. डोक्यावरचा पदर सारखा करून त्या गुमान पुढं गेल्या. पिशवी घेतलेले चांदभाई चार पावलं मागं उभे राहून बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेटच्या दुकानाच्या बाजूच्या भिंतीला शिडी लागली होती. चांदभाई 'श्रीकृष्ण भांडार' रंगवत होते. 'श्री' कंपासात बसत नव्हता. ते पुसत होते, परत काढत होते.

शेट खालून ओरडत होता, "कुणी सांगितलं तुला हे? पाटी हाय की म्होरं!"

चांदभाईंनी मान वळवली नाही. "कुणी न्हाई, शेट. काल ती हितं अडली व्हती."