प्रकाशमहर्षींची खिडकी

रुग्णालयाच्या रौप्यमहोत्सवास त्या वास्तूचे निर्माते प्रमुख पाहुणे म्हणून आले आणि रुग्ण म्हणून राहिले, ही घटना वरकरणी साधी होती. मुख्य जिन्यास कठडा नव्हता. ‘कठडा म्हणजे स्वतःच्या पायांवरचा अविश्वास’ हे त्यांचेच वचन. त्या दिवशी पायांनी विश्वासघात केला. डावा पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये गेला आणि तिसऱ्या मजल्यावरील पश्चिमाभिमुख कक्षात, अकराव्या खाटेवर, त्यांची स्थापना झाली.

विद्वज्जन त्यांस प्रकाशमहर्षी म्हणत. त्यांनी बांधलेल्या घरांत राहणारे लोक जे म्हणत, ते लिहिण्याजोगे नाही. या मतभेदावर आजवर सात परिसंवाद झाले होते. सातही, सोयीसाठी, दुसऱ्या कोणाच्या तरी इमारतीत.

कक्षाची पश्चिम भिंत अखंड काचेची होती. दुपार कलली की तीतून असा प्रकाश येई, की थर्मामीटर रुग्णाच्या तोंडात जाण्यापूर्वीच चढलेला असे. प्लास्टरच्या आत घामाच्या धारा लागत आणि त्यांमागून खाज सुटे. चाळीस वर्षे जपलेली पोलादी मोजपट्टी आत सारून महर्षी खाजवीत बसत.

“सिस्टर, ती खिडकी उघडा.”

“आजोबा, ती उघडत नाही. नुसती बघायची आहे.”

“असे कोणी सांगितले?”

“पाटी आहे ना!”

पाटीवर महर्षींचेच वचन कोरले होते: ‘खिडकी दृष्टीसाठी असते, वाऱ्यासाठी दार आहे.’ दार संसर्गाच्या भीतीने कायम बंद ठेवण्याचा नियम होता.

“मग पंखा तरी लावा!”

“छताला खिळा मारायचा नाही म्हणे. छत म्हणजे आकाश.”

“हा शहाणपणा कोणाचा—” एवढे बोलून महर्षी थांबले. त्यांस आठवले.

शेजारच्या खाटेवर हर्नियाची शस्त्रक्रिया झालेला एक प्लंबर होता. तो टॉवेलने वारा घेत म्हणाला, “ज्यानं हा दवाखाना बांधला ना बाबा, त्याला इथंच आणून टाकला पाहिजे!”

“टाकला आहे,” महर्षी क्षीण स्वरात म्हणाले.

“उन्हानं तुमच्या डोक्यावर परिणाम झालाय. पाणी प्या थोडं.”

अखेरीस डॉक्टरांनी कागदावर लिहिले, ‘रुग्णास वारा देणे.’ त्या आधारे महर्षींनी अर्ज केला, की एका काचेस उघडती झडप बसवावी. परंतु इमारत संरक्षित कलाकृती असल्याने अर्ज अधीक्षकांकडून वास्तुसौंदर्य संरक्षण समितीकडे गेला. तिसऱ्या दिवशी समितीचा कारकून फाइल घेऊन खाटेपाशी आला.

“अर्जदार, खाट क्रमांक अकरा?”

“मीच.”

“समितीचे तहहयात अध्यक्ष?”

“तोही मीच.”

कारकुनाने गंभीरपणे नोंद केली: ‘उभय पक्ष उपस्थित.’ मग तो हलक्या आवाजात म्हणाला, “टाका सही, साहेब. एका झडपेचा तर प्रश्न. तुमचेही हाल संपतील.”

महर्षींनी उत्साहाने लेखणी उचलली. मंजुरीच्या खाली छापले होते: ‘कारण: मूळ रचनेत दोष.’

“यातला ‘दोष’ खोडता येईल का?”

“दोष नसेल तर दुरुस्ती कशाची, साहेब? नियम आपणच केलाय.”

महर्षींनी काचेकडे पाहिले, पायाकडे पाहिले. आत खाजेने तांडव मांडले होते. एका बाजूस पाय होता, दुसऱ्या बाजूस आयुष्यभराची कीर्ती. आणि पाय काय, आणखी एक होताच. त्यांनी ठळक अक्षरांत लिहिले: ‘नामंजूर.’ खाली शेरा जोडला: ‘अर्जदारास सौंदर्यदृष्टी नाही. समज द्यावी.’

कारकुनाने तेथेच समज दिली, पोच घेतली आणि तो गेला.

“काय झालं हो अर्जाचं?” प्लंबरने विचारले.

“फेटाळला.”

“कोण तो गाढव?”

“असे बोलू नये,” महर्षी दुखावून म्हणाले. “तत्त्वाचा माणूस आहे.”

दुसऱ्या दिवशी प्लंबरला घरी सोडले. त्याच दुपारी मोजपट्टी महर्षींच्या हातून निसटून प्लास्टरमध्ये खोल गेली. आता मात्र तत्त्व आणि कातडे यांची फारकत झाली. महर्षी एका पायावर लंगडत काचेपाशी गेले आणि दोन्ही हातांनी ती बडवू लागले. “उघडा! फोडा! दोष आहे! माझा दोष आहे!”

काच उत्तम प्रतीची होती. तीतून वारा आत येत नसे, तसा आवाजही बाहेर जात नसे.

खाली रस्त्यावर प्लंबर बायकोसह रिक्षाची वाट पाहत होता. कलत्या उन्हात सगळी इमारत सोन्यासारखी लखलखत होती. त्याने वर पाहिले आणि तो पाहतच राहिला.

“काय देखणी आहे गं ही! आत असताना कळलंच नाही.”

“तुम्हीच रोज शिव्या घालत होतात ना?”

“तेव्हा पोट दुखत होतं. आणि ते बघ, माझ्या शेजारचे बाबा. कसे दोन्ही हात करतायत! रमले बुवा.”

त्याने हात हलवला. येणारे-जाणारे थांबले, त्यांनीही वर पाहून हात हलवले. कोणी फोटो काढला, कोणी म्हणाले, “प्रकाश पाहा, प्रकाश!” त्या घोळक्यात, वाचकहो, जरा मागच्या रांगेत आपणही होतात. आपलाही हात वर होता. आणि खाली वारा कसा झकास सुटला होता, नाही?